डाइकची टेकडी: खदानीविरुद्धच्या कामाच्या नोंदी

गाव साक्री तालुक्यातलं. खदानीविरुद्धच्या अर्जावर सुनावणी चालू आहे म्हणून गट क्रमांक, गाडी क्रमांक आणि माणसांची नावं इथे दिलेली नाहीत. मूळ वहीत ती आहेत. दुसऱ्या गावाला उपयोगी पडेल तेवढंच इथे उतरवलं आहे.

१० ऑक्टोबर २०२४

टेकडीच्या पूर्व टोकाला पोकलेन आणि ब्रेकर. क्रशर नाही, डबर तसंच हायवात (मोठ्या डंपरात) भरून सुरत-नागपूर महामार्गाकडे जातंय. गाड्या अडवायच्या नाहीत, असं आजच ठरलं. गाडी थांबवायचा अधिकार महसूल आणि पोलिसांना आहे. गावकऱ्यांनी थांबवली की दुसऱ्या दिवशी खंडणीची तक्रार होते आणि टेकडी बाजूला राहून जामिनाचीच धावपळ सुरू होते.

त्याऐवजी फाट्यावरच्या दुकानातून नोंद ठेवायची: गाडी क्रमांक, भरून जाण्याची वेळ, रिकामी येण्याची वेळ. वाहतूक पासवर गाडी, परिमाण, सुटण्याची वेळ आणि पोचण्याचं ठिकाण असतं. एकाच पासवर दिवसभर फेऱ्या मारणं ही नेहमीची युक्ती, आणि ती फक्त वेळेच्या नोंदीने पकडता येते. फोटो मोबाइलचं लोकेशन चालू ठेवून काढायचा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि आतली वेळ-ठिकाणाची माहिती पुसली जाते. म्हणून मूळ फाइल मेमरी कार्डावर, आणि पाठवायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. पुढे हे पुरावे द्यायचे झाले तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. ते ज्याच्या मोबाइलने फोटो काढला त्याला विचारल्याशिवाय नीट भरता येत नाही, त्यामुळे फोटोशेजारी काढणाऱ्याचं नाव वहीत हवंच.

१४ ऑक्टोबर

टेकडी पूर्ण चालून पाहिली. ही साधी सपाट माथ्याची टेकडी नाही, डाइक आहे: साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांना पडलेल्या उभ्या भेगेत वर आलेला रस तिथेच थिजून झालेली भिंत. आजूबाजूचा मऊ खडक झिजला, भिंत उरली. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत अशा दोनशेहून जास्त भिंती नोंदल्या गेल्या आहेत, बहुतेक पूर्व-पश्चिम पसरलेल्या. सर्वांत लांब भिंत सुमारे ७९ किलोमीटरची. नकाशावर त्या आखणीने ओढल्यासारख्या दिसतात.

खदानवाल्यांना हीच का हवी, ते उघड्या कापात दिसतं. थंड होताना खडकाला सांधे पडले ते भिंतीच्या काटकोनात, त्यामुळे दगडाचे खांब आडवे, सरपणाची रास लावावी तसे पडून आहेत. ब्रेकरची नोक सांध्यात घातली की अख्खा खांब निघतो. सुरुंगाचा खर्च वाचतो, दगड घट्ट आणि जड, वर माती जवळजवळ नाही. महामार्गाच्या खडीला याहून सोपा माल नाही.

गावाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट मात्र जमिनीखाली आहे. डाइक घट्ट असली की दक्षिणेकडून येणारं भूजल तिच्यापाशी अडतं. डाइक भेगाळलेली असेल तर उलट, तीच पाणी साठवते आणि लांब वाहून नेते. एकाच टेकडीत दोन्ही प्रकार सापडतात. म्हणून ‘टेकडी गेली की विहिरी आटतील’ असं सरसकट अर्जात लिहायचं नाही. कुठे काय आहे ते मोजून दाखवायचं.

१९ ऑक्टोबर

विहिरींची पहिली मोजणी. डाइकच्या दक्षिणेच्या ७, उत्तरेच्या ५, आणि दोन किलोमीटर पश्चिमेला, जिथे डाइक शाबूत आहे तिथल्या दोन्ही अंगांच्या ४ विहिरी तुलनेसाठी. या शेवटच्या चार नसतील तर पुढची सगळी मोजणी वाया जाते, कारण पाऊस कमी झाला म्हणून पातळी उतरली, हे उत्तर तयारच असतं.

पद्धत अशी. कठड्यावर एक जागा ठरवून लाल ऑइलपेंटची खूण. मोजणी दरवेळी त्याच खुणेपासून. ३० मीटरच्या टेपला शेवटी वजन, शेवटच्या दोन मीटरला खडू घासलेला. टेप पाण्यात थोडी उतरवायची, खुणेपाशी पूर्ण मीटरचा आकडा धरायचा, वर काढून ओला भाग वजा करायचा. कठड्याची उंची वेगळी लिहून वजा करायची. नाहीतर एकाची विहीर जमिनीपासून आणि दुसऱ्याची कठड्यापासून मोजली जाते आणि पाऊण मीटरचा घोळ होतो.

सर्वांत मोठी चूक होते ती मोटारीमुळे. आदल्या रात्री मोटार चालली असेल तर सकाळची पातळी खोटी. शेतीच्या विजेचं पाळीचं वेळापत्रक बघून, रात्रपाळी नसलेल्या आठवड्यात, सकाळी सहाला मोजणी. शेजाऱ्याची बोअर चालू होती का तेही शेरा म्हणून लिहायचं.

दक्षिणेच्या सातही विहिरींत पाणी जमिनीपासून ३ ते ५ मीटरवर, उत्तरेच्या पाचांत ७ ते ९ मीटरवर. जमिनीचा उतार वजा केला तरी फरक उरतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. आपल्या तारखा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशाच ठेवल्या, म्हणजे आकडे शेजारी ठेवता येतील.

२१ ऑक्टोबर

माहिती अधिकाराचे तीन अर्ज, तीन कार्यालयांना. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. सगळं एकाच अर्जात कोंबलं की तो त्याच कारणाने परत येतो. प्रत्येकाला १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प.

‘टेकडीवरील उत्खननाची संपूर्ण माहिती द्या’ असं लिहायचं नाही. मागितलं ते असं: अमुक गावातल्या अमुक गटांसाठी १ जानेवारी २०२३ पासून दिलेल्या गौण खनिज (दगड, मुरूम, वाळू वगैरे) परवान्यांच्या प्रती, त्यासोबतचे नकाशे, स्वामित्वधन (रॉयल्टी) भरल्याची चलनं, दिलेल्या वाहतूक पासांची यादी, पर्यावरण मंजुरीची प्रत, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीची प्रत. ‘का’ आणि ‘कसं’ विचारायचं नाही. कागद मागायचा.

२ नोव्हेंबर

भूमी अभिलेखमधून गावनकाशा आणि गटांचे नकाशे मिळाले. टेकडी तीन प्रकारच्या जमिनीवर आहे. पश्चिमेचा तुकडा वनखात्याचा, मधला मोठा भाग गायरान, पूर्व टोक खाजगी. सातबारावर खाजगी गटाचा पोटखराबा (लागवडीला अयोग्य क्षेत्र) चांगलाच मोठा आहे, म्हणजे भिंत त्याच्या हद्दीत शिरते.

वेगळ्या जमिनीला वेगळा कायदा. वनाच्या तुकड्याला १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राच्या मंजुरीशिवाय हात लावता येत नाही. गायरानाला जमीन महसूल संहितेचं कलम २२ (सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जमिनी) आणि सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपालसिंग निकाल (गावच्या सामाईक जमिनी अतिक्रमणापासून वाचवणारा). खाजगी गटाला परवाना मिळू शकतो, पण तेवढ्याच हद्दीत.

गाव अनुसूचित क्षेत्रात (आदिवासी भाग म्हणून घोषित) आहे का, तेही तपासलं. साक्री तालुक्याचा काही भागच त्यात येतो आणि आपलं गाव यादीत नाही. यादीतल्या गावात पेसा कायद्याखाली (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) गौण खनिजासाठी ग्रामसभेची पूर्वशिफारस बंधनकारक असते. आपल्याकडे ती ताकद नाही. पलीकडच्या गावच्या ठरावाची नक्कल करून आपल्या अर्जाला जोडली तर पहिल्याच सुनावणीत तोंडघशी पडायची वेळ.

१७ नोव्हेंबर

आता ट्रॅक्टर-कॉम्प्रेसर आणून होल मारणं सुरू. आज दुपारी पहिला सुरुंग.

टेकडीकडच्या वस्तीत बहुतेक घरं धाब्याची (मातीच्या सपाट छपराची), भिंती मातीच्या. तडे आधीपासून आहेत. उन्हाळ्यात काळी माती आकसते आणि पायाच हलतो. समोरचा पक्ष हेच म्हणणार, आणि ते अर्धं खरं आहे. म्हणून ९ घरांतल्या तड्यांवर पीओपीचे आडवे पट्टे लावले, तळहाताएवढे, दोन सूत जाडीचे, त्यावर तारीख. तडा हलला की पीओपी कचकन तुटतं. पट्ट्याखालची भिंत आधी ब्रशने झाडून ओली करावी लागते, नाहीतर पट्टा न तुटता नुसता सुटून पडतो. गावाच्या दुसऱ्या टोकाला, त्याच काळ्या मातीवरच्या ३ घरांतही तसेच पट्टे. तिकडचे शाबूत राहिले आणि इकडचे तुटले, तरच बोलण्यात दम.

सुरुंगाची वेळ, आवाजांची संख्या, दगड उडून कुठे पडला हेही वहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुचवलेलं वस्तीपासूनचं किमान अंतर सुरुंग असेल तर २०० मीटर, नसेल तर १०० मीटर. वस्तीचं शेवटचं घर ते खड्ड्याची कड टेपने मोजलं: १६४ मीटर. धाप लागली तरी टेपनेच मोजावं. मोबाइलच्या जीपीएसमध्ये पाच-दहा मीटरची चूक सहज असते.

२५ नोव्हेंबर

तीनपैकी दोन अर्जांना उत्तर नाही. एका कार्यालयात तोंडी सांगण्यात आलं की विधानसभेची आचारसंहिता होती. आचारसंहितेने माहिती अधिकाराची ३० दिवसांची मुदत थांबत नाही. २० रुपयांचा स्टॅम्प लावून दोन्ही ठिकाणी प्रथम अपील. मुदत संपल्यापासून ३० दिवसांत ते करावं लागतं, आणि मुळात बरेच अर्ज इथेच मरतात. उत्तर येईल म्हणून थांबलेला माणूस अपिलाची तारीखही घालवून बसतो.

१२ डिसेंबर

अपिलानंतर कागद आले. अल्पमुदतीचा परवाना, ५०० ब्रास, फक्त खाजगी गटापुरता. नकाशात चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश दिलेले. ते गटाच्या नकाशावर टाकले: चालू खड्ड्याचा निम्म्याहून जास्त भाग गायरानात. पर्यावरण मंजुरीच्या रकान्यापुढे ‘अभिलेखात आढळून येत नाही’. पाच हेक्टरांपेक्षा लहान पट्ट्यांनाही मंजुरी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ च्या दीपककुमार निकालात ठरवलेलं आहे. ‘आढळून येत नाही’ हे एक वाक्य पन्नास निवेदनांपेक्षा उपयोगी.

१५ डिसेंबर

खड्ड्याचं माप. गाडीवाले जेवायला जातात त्या वेळात नाही, काम पूर्ण बंद असताना, आणि कडेपासून दोन मीटर आत उभं राहून. सुरुंग मारलेल्या कडेखाली जायचं नाही. सुटा दगड कधी येईल सांगता येत नाही.

खड्डा आहे खरा, पण गेलेला माल जमिनीवरचा आहे, म्हणजे मूळ माथा कुठे होता ते ठरवल्याशिवाय घनफळ निघत नाही. दोन्ही बाजूंना न कापलेला माथा शिल्लक आहे. एकीकडून दुसरीकडे ताणून दोरी बांधली, दर ५ मीटरवर दोरीपासून तळापर्यंत माप घेतलं. दोरी मध्ये झोळ घेते, म्हणून पाण्याच्या नळीने दोन्ही टोकं आणि मधला बिंदू तपासला. गवंड्याचीच नळी. तिच्यात बुडबुडा अडकला की दोन-तीन सेंटीमीटर सहज चुकतात. नळी भरून दहा मिनिटं ठेवायची आणि मोजताना दोन्ही तोंडांवरचे अंगठे काढायचे.

सरासरी लांबी ४२ मीटर, रुंदी २६, खोली ४.६. घनफळ सुमारे ५,०२३ घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. म्हणजे १,७७५ ब्रास. परवाना ५०० चा.

इथे एक मेख आहे. हे माप भरीव खडकाचं. फुटलेला दगड सैल पडतो आणि गाडीत दीडपटीच्या आसपास जागा घेतो. समोरचा पक्ष गाडीच्या ब्रासवर बोलतो, आपण खड्ड्याच्या. दोन्ही आकडे मिसळले की सुनावणीत गोंधळ. अर्जात ‘भरीव माप’ असा शब्द घातला, आणि शंका आली तिथे कमीच धरलं. माप कमी धरलं तर अर्ज टिकतो, जास्त धरलेलं एक सापडलं की बाकीच्या खऱ्या मापांवरचाही विश्वास उडतो.

परवान्याबाहेरचे १,२७५ ब्रास. ६०० रुपये ब्रासने नुसतं स्वामित्वधनच ७ लाख ६५ हजार होतं.

२३ डिसेंबर

तहसीलदारांकडे अर्ज, प्रती प्रांताधिकारी आणि जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांना. मागण्या तीनच: जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली विनापरवाना उत्खननाची कारवाई (बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड), ४८(८) खाली यंत्रं आणि वाहनं ताब्यात घेणं, आणि ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) यंत्राने खड्ड्याची मोजणी. सोबत नकाशा, मापाचा तक्ता, पासांची यादी आणि त्याच तारखांच्या गाडीनोंदी समोरासमोर. तीन दिवस असे निघाले की एका पासावर एकाच गाडीच्या चार फेऱ्या.

पोच घेताना आवक क्रमांक आणि तारीख दोन्ही बघून घ्यावी. नुसत्या शिक्क्याला अर्थ नाही.

२४ आणि २६ जानेवारी २०२५

२४ ला महिला ग्रामसभा, २६ ला सर्वसाधारण. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल ती. ती झाली नाही तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण नवा विषयही घेता येत नाही, म्हणून विषय सात दिवस आधीच्या नोटिशीतच घालून घेतला होता. गावच्या व्हॉट्सॲप गटावर आदल्या रात्री आवाजी निरोप फिरवला: ‘रविवारले ग्रामसभा शे, सही कराले या, नुसता हात वर करीसन चालाव नही.’ वहीत १३१ सह्या.

पहिला मसुदा ‘टेकडी वाचवण्यास सर्वानुमते पाठिंबा’ असा होता. तो बदलला. ठरावात गट क्रमांक, क्षेत्र, सध्याचा वापर (गुरं चराई, पाणी अडणं, देवस्थानाची वाट), पुढे कोणत्याही गौण खनिजासाठी ना-हरकत देऊ नये, आणि गायरानाच्या हद्दीची मोजणी ग्रामपंचायतीने करून घ्यावी, असं सगळं लिहून. सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक. प्रमाणित प्रत चार दिवसांत हातात.

गावात खदानीच्या बाजूनेही माणसं आहेत. तीन ट्रॅक्टरवाल्यांचे हप्ते त्यावर चालतात, आणि घरकुलाच्या पायाला डबर कुठून आणायचं हा प्रश्न खोटा नाही. टेकडीच्या पायथ्याशी घण-पहारीने दगड काढणाऱ्या वडार कुटुंबांचा जुना खड्डा ठरावातून वगळला. तो भिंतीत नाही, गोट्यांच्या पट्ट्यात आहे. हे आधी बोलून घेतलं नसतं तर ठराव फुटला असता.

११ फेब्रुवारी

मंडळ अधिकारी आणि तलाठी यांचा पंचनामा, ईटीएस मोजणी. मोजणीचा आकडा आपल्यापेक्षा सुमारे ४ टक्क्यांनी जास्त निघाला. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो मोठ्याने वाचून घेतला. ‘जुने उत्खनन’ असा शब्द होता, तो आपल्या तारखांच्या फोटोंवरून बदलून घेतला. जुनं म्हटलं की दंड कोणावर, हा प्रश्न लोंबकळत राहतो. पोकलेन त्या रात्रीच निघून गेलं, म्हणजे ४८(८) ची जप्ती हुकली. अर्जात यंत्राचा चेसिस क्रमांक दिला होता, तो आता कामाला येईल.

मार्च

जैवविविधता समितीसोबत टेकडीची लोकनोंद. अंजन, सालई, धावडा, हिवर, बोर. गवतात पवन्या, कुसळी, मारवेल. कापाच्या वरच्या खबदाडीत शृंगी घुबडाचं घरटं, त्यामुळे त्या बाजूला जाणं एप्रिलअखेर बंद. जळगावजवळची लांडोरखोरी जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली आहे, तो रस्ता आपल्यालाही मोकळा आहे. प्रस्ताव ग्रामसभेच्या ठरावासह नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे जातो.

याच तालुक्यातल्या बारीपाड्याने चारशे हेक्टरांहून जास्त जंगल कुऱ्हाडबंदी-चराईबंदीवर राखलं. तिथल्या चैत्राम पवार यांना त्यासाठी २०२५ ची पद्मश्री मिळाली. तिथून उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे नियम मोडल्यावरचा दंड गावानेच ठरवलेला होता आणि तो वसूलही होत असे. आपल्याकडे चराईबंदी लगेच जमणार नाही. गवत कापून नेण्याच्या पाळ्या ठरवल्या.

१० मे

उन्हाळी विहीर मोजणी. महिनाअखेरीपर्यंत थांबायचं ठरलं असतं तर उत्तरार्धातल्या वळवाच्या पावसाने सगळं बिघडवलं असतं.

कापाच्या लगतच्या दक्षिणेकडच्या ३ विहिरी ऑक्टोबरपासून सरासरी ६.१ मीटर उतरल्या, त्याच बाजूच्या लांबच्या ४ विहिरी ४.४ मीटर. पश्चिमेच्या शाबूत भागातल्या दक्षिण बाजूच्या दोन विहिरी ४.२. म्हणजे कापाजवळ १.७ ते १.९ मीटरचा जादा उतार. एका हंगामाच्या आकड्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात उभं राहता येत नाही, आणि त्या तीनपैकी एका विहिरीशेजारी डिसेंबरात नवी बोअर पडली आहे. ती विहीर वगळून सरासरी पुन्हा काढली: ५.७. दोन्ही आकडे तक्त्यात ठेवले.

पीओपीचे पट्टे: टेकडीकडच्या ९ घरांपैकी ५ तुटले, दुसऱ्या टोकाच्या ३ पैकी १. तो एक तुटला म्हणून बाकीच्यांची ताकद कमी होते. लपवलेला नाही.

६ जून

मुदतींचा तक्ता पंचायतीच्या भिंतीवर लावला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात कलम १४ खाली अर्ज करायचा तर कारण घडल्यापासून सहा महिने, सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवस. भरपाई आणि पूर्ववत करण्यासाठी कलम १५ खाली पाच वर्षं. उद्या कोणाला पर्यावरण मंजुरी मिळालीच, तर कलम १६ चं अपील ३० दिवसांत. त्यासाठी परिवेश पोर्टल (पर्यावरण मंजुऱ्यांचं सरकारी संकेतस्थळ) दर सोमवारी बघायचं काम दोघांकडे.

जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा (जिल्ह्यात गौण खनिज कुठे काढता येईल ते सांगणारा) मसुदा जिल्ह्याच्या संकेतस्थळावर २१ दिवस हरकतींसाठी असतो. त्यात आपला गट ‘उत्खननयोग्य’ म्हणून आला तर पुढच्या पाच वर्षांची भांडणं तिथूनच सुरू होतात. हरकतीचा मसुदा, ठराव, गटाचा नकाशा आणि विहिरींचा तक्ता एका फायलीत बांधून ठेवला आहे. तारीख तेवढी टाकायची.

खड्ड्यात पावसाचं पाणी साठतंय. कड उभी आहे आणि पोरं पोहायला जातात. काटेरी तारेला पैसे नाहीत, म्हणून बोरी-बाभळीच्या फांद्यांचं कुंपण आणि पाटी. खड्डा बुजवण्याचा खर्च दंडाच्या आदेशात धरावा, अशी पुरवणी मागणी तहसीलला दिली, आवक क्रमांक वहीत. गायरानाची मोजणी २४ जूनला लागली आहे. दगडी खुणांसाठी १८ दगड, चुना दोन गोण्या, पहारी चार, शेजारच्या खातेदारांना नोटिसा पोचल्या का ते २० तारखेपर्यंत बघणे.